मोटारीची उंची आणि प्रवासाचे सुख
(सुरत-खानदेश मार्गावरील वाहनधारकांसाठी एक पाठ)

सुरत शहरातील उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या वस्त्यांत धुळे, नंदुरबार व जळगाव जिल्ह्यांतून गेलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. कापडबाजार, यंत्रमाग आणि रंगाई-छपाईचे कारखाने यांनी त्यांना काम दिले. परंतु गावाशी असलेले नाते तुटलेले नाही. आखाजी, कानबाईचा उत्सव, दिवाळी किंवा घरचे लग्नकार्य असले म्हणजे ही मंडळी खानदेशच्या वाटेला लागतात. पूर्वी हा प्रवास ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने किंवा एस. टी.ने होत असे. आज अनेकांच्या दारी स्वतःची मोटार उभी आहे. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी असा टप्पा घेत आणि कोंडाईबारीचा घाट चढून ती साक्री व धुळ्याकडे जाते.

मोटार आली की तिला सजविण्याची हौसही येते. अलीकडे तरुण वर्गात मोटार जमिनीलगत बसविण्याची आवड दिसून येते. चाकांच्या कमानीतील मोकळी जागा कमी झाली म्हणजे गाडी देखणी दिसते, वळणावर घट्ट बसते, असे सांगितले जाते. यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. परंतु त्याच मोटारीत सणाला म्हातारे आईवडील, लेकरे आणि सामान भरून दोनशे किलोमीटरचा पल्ला गाठावयाचा असतो. घरातील एकाची हौस आणि इतर सर्वांचे सुख व सुरक्षितता यांचा मेळ कसा घालावा, हा या पाठाचा विषय आहे.

सस्पेन्शनचे कार्य

बैलगाडीचा आस आणि साटी यांच्यामध्ये लवचीक असे काहीच नसते. म्हणून चाकाला बसलेला प्रत्येक दणका बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत पोचतो. टांग्याला पोलादी पाटे आले आणि हा दणका सौम्य झाला. मोटारीत हेच तत्त्व पुढे नेलेले आहे. अँबॅसडर मोटारीला मागे पाटे व पुढे पीळ घेणारे पोलादी दांडे होते. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला मागे पाटे आणि पुढे गुंडाळीच्या स्प्रिंगा होत्या. १९८३ च्या अखेरीस आलेल्या मारुती ८०० ने पुढील चाकांसाठी मॅकफर्सन पद्धतीची रचना घरोघर पोचविली. या रचनेत स्प्रिंग आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर एकाच खांबावर बसविलेले असतात. आजच्या बहुतेक लहान मोटारींत पुढे हीच पद्धत आढळते.

या व्यवस्थेत तीन घटक प्रमुख आहेत. स्प्रिंग वजन तोलून धरते आणि खड्ड्याचा आघात स्वतःत साठविते. साठविलेला आघात ती परत फेकणारच. तेव्हा गाडी झोपाळ्याप्रमाणे वरखाली होत राहू नये म्हणून शॉकअ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे बोलीतला ‘शॉकअप’, त्यातील तेल बारीक छिद्रांतून ढकलून हा जोर जिरवितो. तिसरा घटक म्हणजे रबरी ठोकळा. स्प्रिंग दबण्याची मर्यादा संपत आली म्हणजे लोखंडावर लोखंड आदळू नये, यासाठी तो अखेरचा पहारेकरी असतो. चांगल्या गाडीत त्याच्यावर क्वचितच भार यावा. गाडी अती खाली बसविली की तो जवळजवळ दर खड्ड्याला कामास येतो, आणि तेथूनच त्रासाला प्रारंभ होतो.

आरामाचे गणित

स्प्रिंगेवरील गाडी एका सेकंदात किती वेळा वरखाली होते, यावर आराम अवलंबून असतो. माणूस चालताना ज्या तालात हलतो त्याच्या आसपासचा, म्हणजे सेकंदाला एक ते दीड हेलकावा, शरीराला सुखावह वाटतो. सेकंदाला चार ते आठ या गतीची उभी कंपने शरीराला सर्वांत अधिक जाचतात, असे मानवी शरीरावरील कंपनांच्या अभ्यासातून दिसून आले आहे.

हा ताल स्प्रिंगेच्या दबण्यावरून काढता येतो. गाडीच्या स्वतःच्या वजनाने स्प्रिंग २५ सेंटिमीटर दबत असेल तर हेलकावा सेकंदाला एक होतो. ११ सेंटिमीटर दबत असेल तर दीड आणि सुमारे सव्वासहा सेंटिमीटरच दबत असेल तर दोन. थोडक्यात, स्प्रिंग जितकी कडक तितकी ती कमी दबते आणि हेलकावा तितका जलद, तितकाच रुक्ष होतो.

येथेच उंची आणि आराम यांचा झगडा सुरू होतो. गाडी खाली आणली म्हणजे चाकाला वर सरकण्यास जागा कमी उरते. कमी जागेत तोच आघात सामावून घ्यावयाचा तर स्प्रिंग कडक करणे ओघानेच आले, आणि स्प्रिंग कडक केली की आराम घटतो. मात्र हा तोटा सारख्या प्रमाणात वाढत नाही. स्प्रिंग २० टक्के कडक केली तर हेलकाव्याचा वेग सुमारे १० टक्क्यांनीच वाढतो. म्हणून थोडासा बदल शरीराला फारसा जाणवत नाही. मोठा बदल मात्र चांगलाच जाणवतो.

खरी मोजणी : उरलेली हालचाल

गाडी किती खाली आणली, हा प्रश्न सर्व जण विचारतात. विचारावयास हवा तो प्रश्न वेगळा आहे : भरलेल्या गाडीत रबरी ठोकळ्याला टेकण्यापूर्वी चाकाला वर सरकण्यास किती जागा उरली?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मोटारीच्या मागील चाकांना रिकाम्या स्थितीत वर सरकण्यास ८० मिलिमीटर जागा आहे, आणि माणसे व सामान भरल्यावर मागील भाग ३५ मिलिमीटर खाली बसतो. मूळ स्थितीत ४५ मिलिमीटर जागा शिल्लक राहते.

आता गाडी ४० मिलिमीटर खाली आणून ३० टक्के कडक स्प्रिंग बसविली, असे धरू. कडकपणामुळे भाराने बसणे ३५ वरून सुमारे २७ मिलिमीटरवर येते. ८० मधून ४० आणि २७ वजा केले की उरतात केवळ १३ मिलिमीटर, म्हणजे बोटाच्या रुंदीहूनही कमी. एवढ्या जागेत साधा खड्डाही मावत नाही.

त्याऐवजी गाडी २० मिलिमीटरच खाली आणली आणि स्प्रिंग २० टक्के कडक घेतली, तर भाराने बसणे सुमारे २९ मिलिमीटर होते आणि ३१ मिलिमीटर जागा उरते. मूळ ४५ पेक्षा ती कमी आहे, परंतु स्प्रिंगही थोडी कडक असल्याने काम भागण्याजोगे आहे.

रिकाम्या गाडीत एकट्या चालकाला हा फरक कळत नाही. शहरातील गुळगुळीत रस्त्यावर फेरफटका मारून ‘काही त्रास नाही’ असे तो म्हणतो. त्रास कळतो तो मागच्या आसनावर बसलेल्या आईला, कारण भरलेल्या गाडीचा सर्वाधिक भार मागेच असतो. ठोकळ्यावर आदळणे ही केवळ गैरसोय नव्हे. घाट उतरताना वळणावर चाक ठोकळ्याला टेकले तर त्या चाकापुरती स्प्रिंग जणू नाहीशी होते, टायरची रस्त्यावरील पकड एकाएकी बदलते आणि गाडी बाजूला सरकू शकते. भरल्या गाडीने कोंडाईबारीचा उतार उतरणाऱ्याने हे विसरू नये.

वळणावरील लाभ किती?

गुरुत्वमध्य खाली आल्याने गाडी स्थिर होते, हा युक्तिवाद खरा आहे. पण त्याचे माप पाहिले पाहिजे. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५० मिलिमीटर उंचीवर आहे असे धरले आणि गाडी २५ मिलिमीटर खाली आणली, तर वळणावर एका बाजूच्या चाकांवरून दुसऱ्या बाजूला जाणारा भार साडेचार टक्क्यांच्या आसपास घटतो. लाभ आहे, पण माफक आहे. उलट मॅकफर्सन रचनेत गाडी फार खाली आणली की खालच्या बाहूंचा कोन बदलतो आणि गाडी वळणावर कलण्याची प्रवृत्ती काही वेळा वाढतेही. झिजलेले शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलणे आणि टायरमध्ये निर्मात्याने सांगितल्याप्रमाणे हवा ठेवणे यांनी मिळणारी स्थिरता अनेकदा याहून अधिक असते.

गतिरोधकाची परीक्षा

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार सर्वसाधारण वाहतुकीसाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने तो ओलांडता यावा, अशी अपेक्षा आहे. दोन आसांत २.४ मीटर अंतर असलेली मोटार अशा गतिरोधकाच्या मध्यावर आली की पुढची व मागची चाकेही त्याच उंचवट्यावर असतात. त्यामुळे मोटारीच्या पोटाखाली उंचवटा केवळ ४२ मिलिमीटर वर येतो.

खेड्याच्या वेशीवर हाताने घातलेला अरुंद, उभा उंचवटा मात्र निराळा असतो. चाके दोन्ही बाजूंना सपाट रस्त्यावर उतरतात आणि उंचवट्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. १७० मिलिमीटर तळउंची असलेली मोटार भराने मध्यभागी ३० मिलिमीटर खाली बसली, तर १४० उरतात आणि १२० मिलिमीटरचा अरुंद उंचवटा ती कशीबशी ओलांडते. २० मिलिमीटर खाली आणलेली मोटार १२५ वर येते. केवळ ५ मिलिमीटर शिल्लक राहतात. ४० मिलिमीटर खाली आणलेली १०७ वर येते आणि घासते. घासणारा भाग बहुधा इंजिनाच्या तेलाचे भांडे किंवा धुराची नळी असतो. तेल गळून गेले तर इंजिनच निकामी होते. ही गणिते उभ्या गाडीची आहेत. चालत्या गाडीचा हेलकावा त्यातून आणखी काही मिलिमीटर खातो.

यावरून ग्रामपंचायती व रस्त्यांची कामे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनीही एक बोध घ्यावा. प्रमाणाबाहेरचा गतिरोधक हौशी मोटारीलाच अडवितो असे नाही; तो भरलेल्या साध्या मोटारीला आणि रुग्णवाहिकेलाही अडवितो.

सुरतेच्या बाबतीत पाण्याचाही विचार करावा लागतो. तापीचा ऑगस्ट २००६ मधील महापूर तेथील रहिवासी विसरलेले नाहीत. महापूर नसला तरी जोराच्या पावसात खाड्यांलगतच्या वस्त्यांत पाणी साचते. गाडी जितकी खाली, तितके पाणी दाराच्या उंबरठ्यापर्यंत आणि इंजिनाच्या हवा घेण्याच्या तोंडापर्यंत लवकर पोचते.

खाली आणण्याचे प्रकार

स्प्रिंग कापणे : हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक उपाय होय. सहा वेढ्यांतील एक कापला तर स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक होते, हे खरे. परंतु कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लोंबकळले की आखूड स्प्रिंग जागची हलू शकते. तापवून स्प्रिंग दाबणे तर मुळीच करू नये. पोलादाला दिलेले पाणीच त्यामुळे उतरते.

तयार आखूड स्प्रिंगा : विशिष्ट मॉडेलसाठी बनविलेल्या, कडकपणा व उंची नमूद असलेल्या स्प्रिंगा हा मध्यम मार्ग आहे. मूळ शॉकअ‍ॅब्सॉर्बर मूळ स्प्रिंगेला जुळविलेला असतो. कडक स्प्रिंगेचा परतीचा जोर त्याला आवरेनासा झाला की गाडी उसळ्या घेते. म्हणून स्प्रिंग व शॉकअ‍ॅब्सॉर्बर जोडीनेच बदलणे इष्ट.

कॉइलओव्हर : यात उंची आटे फिरवून ठरविता येते. लाभ असा की चूक सुधारता येते. दोष असा की आटे आहेत म्हणून ते शेवटपर्यंत फिरविण्याचा मोह होतो, आणि धूळ व पावसाळी ओल यांनी ते गंजून धरतात.

हवेवरील सस्पेन्शन : हवेच्या फुग्यांनी उंची हवी तेव्हा कमी-अधिक करता येते. उंची व आराम यांचा झगडा यंत्राने सोडविण्याचा प्रयत्न नवा नाही. फ्रान्समध्ये १९५५ साली आलेल्या सिट्रोएन डी. एस. मोटारीत तेल व वायू यांच्या साहाय्याने भार कितीही असला तरी उंची कायम राखली जाई. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोटारी फारच खाली बसविण्याची लाट आली, तेव्हा चाकाच्या धावेच्या खालच्या कडेपेक्षा मोटारीचा कोणताही भाग खाली असू नये, असा नियम १९५८ पासून लागू झाला. त्यावर हौशी मंडळींनी उंची बदलणारे तेलाचे पंप बसविले. हवेच्या व्यवस्थेत पंप, टाकी, नळ्या व झडपा यांची देखभाल येते; सामान्य कुटुंबाला हा खर्च क्वचितच परवडतो.

बदलानंतरची जुळणी

उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. चाके वरच्या बाजूने आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने झिजतो. ही झीज बाहेरून दिसतही नाही. म्हणून कामानंतर चाकांची अलाइनमेंट करणे आवश्यक आहे. पुढचा व मागचा भाग सारखा खाली आला नसेल तर दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांवर जातो. काही मोटारींत मागील ब्रेकचा जोर मागच्या भागाच्या उंचीवरून ठरतो. तेथेही तपासणी हवी. स्टिअरिंग पूर्ण वळवून, गाडी भरून, टायर कमानीला घासत नाही ना, हे पाहावे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्रीय कायदा असल्याने तो सुरतेत आणि नंदुरबारात सारखाच लागू आहे. त्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ नेमून दिलेल्या तपशिलाहून वेगळा होईल, असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा कटाक्षाने अर्थ लावला आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ, पोटकलम (४) मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. प्रत्येक मॉडेलचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही अशा संस्थांपैकी एक आहे. तपासलेल्या रचनेत फेरफार करण्याआधी ज्या परिवहन कार्यालयात मोटारीची नोंदणी आहे तेथे लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे. गॅरेजवाल्याचे ‘चालते’ हे उत्तर अपघातानंतरच्या चौकशीत उपयोगी पडत नाही.

निवडीचा क्रम

१. सर्वप्रथम नेहमीची वाट आठवावी. गावच्या शेवटच्या दोन किलोमीटरांतील सर्वांत वाईट उंचवटा मोजपट्टीने मोजावा. मोटारीची निवड त्या उंचवट्यावरून करावी, महामार्गावरून नव्हे.

२. सणाला बसतात तितकी माणसे व सामान गाडीत बसवून तळाची उंची व ठोकळ्यापर्यंतची जागा मोजून घ्यावी. रिकाम्या गाडीची मापे फसवी असतात.

३. शॉकअ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळते काय, रबरी भाग फाटले आहेत काय, हे पाहावे. दोष असल्यास तो आधी दूर करावा. पुष्कळांची तक्रार एवढ्यानेच मिटते.

४. यानंतरही गाडी खाली घ्यावयाची असेल तर परिवहन कार्यालयाचे उत्तर हाती आल्यावरच पुढे जावे. बदल १५ ते २० मिलिमीटरच्या आत ठेवावा आणि स्प्रिंग-शॉकअ‍ॅब्सॉर्बर जोडीने घ्यावेत.

५. काम झाल्यावर पहिली फेरी भरल्या गाडीने, सावकाश घ्यावी आणि चालकाने स्वतः मागच्या आसनावर बसून पाहावे.

गावच्या वाटेवर अरुंद व उंच गतिरोधक असतील, किंवा घरात पाठीचा आजार असलेले माणूस असेल, तर मूळ उंची कायम ठेवून केवळ चांगले शॉकअ‍ॅब्सॉर्बर बसविणे हाच शहाणपणाचा निर्णय ठरेल. ज्यांची गाडी बहुतांशी सुरतेच्या सपाट रस्त्यांवर एक-दोन माणसांनिशी चालते, त्यांना थोडा बदल मानवेल. पण त्यांनीही सणाच्या प्रवासाचा हिशेब आधी मांडावा. शाळांतील विज्ञान शिक्षकांना स्प्रिंग, भार व हेलकावे हा धडा शिकविताना वरील मापे उपयोगी पडतील. एक स्प्रिंग, काही वजने आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ एवढ्या साहित्यावर विद्यार्थी स्वतः पडताळा घेऊ शकतील. मोटार घरी आणण्याचे वय त्यांचे पुढे येणारच आहे.